सीतेसारखं सोस, असं मी म्हणाले होते



दशलक्षण पर्व संपून आठवडा झाला. क्षमावाणीला सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणून झालं. एका मुलीला मी ते दरवर्षी फोन करून म्हणते, आणि दरवर्षी वाटतं की नुसतं म्हणून भागत नाही. म्हणून आजचा लेख. थोडा मोठा झाला आहे, पण सवडीने वाचा.

ती मुलगी म्हणजे माझी भाची, थोरल्या भावाची लेक. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाव मात्र सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती अचानक परभणीला आमच्या घरी आली. हातात एक बॅग, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. सासरहून निघालेली मुलगी माहेरी न जाता आत्याकडे येते, यातच मला बरंच काही कळायला हवं होतं. मी भाकरी थापत होते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती. ती ओट्याला टेकून हळू आवाजात सांगत होती. नवऱ्याचा संशय, सासूचं बोलणं, गल्लीतल्या बायकांनी उठवलेल्या गोष्टी, दाराला बाहेरून लावलेली कडी. मी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाळा, सीतामाईनं किती सोसलं ते आठव. तू पण सोस थोडं. दिवस पालटतात."

सासूबाई माजघरात माळ घेऊन बसल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "सोसून सोसून पुढं काय झालं गं सीतेचं?"

मी म्हणाले, "धरणीमातेनं पोटात घेतलं."

"ते त्यांच्या पोथीत. आपल्या सीतेनं केस उपटले अन् निघून गेली. रामानं चल म्हणलं तरी गेली न्हाई."

भाचीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला आणि तिला सासरी पोचवायला लावलं. ती तिथं आणखी दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

मैत्रिणींनो, मी बी.कॉम. झालेली. घरचा हिशेब, दुकानाच्या वह्या, सगळं बघत आले. पण आपल्या घरातल्या पुराणात काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. माझी सीता १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर आलेली. सासूबाईंची सीता चातुर्मासातल्या शास्त्रसभेत कानावर पडलेली. त्या गेल्यावर त्यांच्या कपाटात रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणाचे तीन जाड भाग सापडले. पन्नालाल साहित्याचार्यांचा हिंदी अनुवाद, भारतीय ज्ञानपीठाने छापलेला. एका चातुर्मासात रोज दुपारी दोन तास बसून मी ते वाचून काढले. मग आणखी वाचत गेले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी थोडा इतिहास. जैन परंपरेतलं सगळ्यात जुनं रामायण म्हणजे विमलसूरींचं 'पउमचरियं'. पउम म्हणजे पद्म, आणि पद्म म्हणजेच राम. हा ग्रंथ पहिल्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यानचा मानतात, आणि तो आहे महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. त्याची सुरुवातच एका शंकेने होते. राजा श्रेणिक गौतम गणधरांना विचारतो की रावण मांस खाणारा राक्षस कसा, वानरांनी एवढ्या बलाढ्य सैन्याला हरवलं कसं, कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपतो कसा? हे मनाला पटत नाही, खरं काय ते सांगा. मला हे फार आवडलं. ऐकलेली गोष्ट पटली नाही तर हात जोडून पण स्पष्ट विचारायचं, ही आपल्या पुराणाची पहिली पायरी आहे.

विमलसूरींच्या वाटेने पुढे इसवी सन ६७६-७७ च्या सुमारास रविषेणाचार्यांनी संस्कृतात पद्मपुराण लिहिलं. त्यानंतर स्वयंभूंनी अपभ्रंशात 'पउमचरिउ' रचलं. पंधराव्या शतकात गुणकीर्तींनी मराठीत पद्मपुराण लिहायला घेतलं. म्हणजे ही कथा आपल्या भाषेतही पाचशे-सहाशे वर्षं आहे. आजकाल वर्तमानपत्रात 'रामायण-महाभारत स्त्रियांच्या नजरेतून' असं काही आलं की आपल्याला ते नवीन वाटतं. थोडं नवीन आहेच. पण काही गोष्टी आपल्या मंदिराच्या कपाटात आधीपासून होत्या. आपण ती कपाटं श्रुतपंचमीला पुसतो आणि परत लावून ठेवतो.

आता पद्मपुराणातली सीता. लंकेहून परत आल्यावर अयोध्येतले लोक बोलायला लागतात. सीता गर्भवती आहे. तिला डोहाळे लागलेत जिनमंदिरांच्या दर्शनाचे. तेच निमित्त करून राम तिला सेनापती कृतांतवक्त्राबरोबर रथातून पाठवतात, आणि घोर अरण्यात तो तिला रडत रडत खरं सांगतो. त्या वेळी सीता रामासाठी एक निरोप देते. निरोपाचा भावार्थ असा, की लोकांच्या बोलण्यावरून मला सोडलंत तसा त्यांच्या बोलण्यावरून धर्म सोडू नका. ज्याने टाकलं त्याचीच काळजी, असं आपल्याला प्रवचनात सांगतात, आणि ते खरं आहे. पण पुन्हा वाचताना मला त्यात दुसरंही दिसलं. लोक काय म्हणतात यावर तुम्ही निर्णय घेतलात, हे ती त्यांना स्पष्ट ऐकवते आहे. 'माझं नशीब' म्हणून ती गप्प बसलेली नाही.

अरण्यात हत्ती धरायला आलेला पुंडरीकपूरचा राजा वज्रजंघ तिला भेटतो. ना नात्याचा, ना गावचा. तो तिला बहीण मानतो आणि घरी नेतो. तिथं तिचं बाळंतपण होतं. अनंगलवण आणि मदनांकुश, आपले लव-कुश, त्या मामाच्या घरी वाढतात, शिकतात. पुढे त्यांची वडिलांशीच लढाई होते, ओळख पटते, आणि सीतेला अयोध्येला आणतात. अग्निपरीक्षा होते ती इथं. वाल्मीकींच्या रामायणात ती लंकेतच होते आणि नंतर वनवास येतो. आपल्याकडे ती अगदी शेवटी आहे. कुंडातल्या आगीचं पाणी होतं. ज्यांनी नावं ठेवली तेच जयजयकार करतात. राम क्षमा मागतात, घरी चल म्हणतात, पट्टराणीचा मान देऊ करतात.

आणि सीता जात नाही. ती म्हणते, तुमच्यावर राग नाही, लोकांवरही नाही. मग आपल्या हाताने डोक्यावरचे केस उपटून रामासमोर टाकते. राम मूर्च्छित होऊन पडतात. ते शुद्धीवर येईपर्यंत सीतेने पृथ्वीमती आर्यिकेजवळ दीक्षा घेतलेली असते. पुढे बासष्ट वर्षं तप आणि तेहतीस दिवसांची सल्लेखना.

बघा, एकीकडे सीता पृथ्वीच्या पोटात जाते, आणि आपल्याकडे पृथ्वीमती नावाच्या माताजींकडे जाते. वहीतल्या नोंदी जवळपास त्याच, पण अग्निपरीक्षेचा क्रम बदलला आणि शेवटची बाकी पार वेगळी निघाली. परीक्षेत उतरल्यावर, सगळे हात जोडून उभे असताना, ती स्वतः ठरवते. तिला कोणी घालवलेलं नाही.

एक खुलासा करते, कारण आमच्या शेजारणीही हे वाचतात. आपली कथा खरी आणि त्यांची खोटी, असं मला म्हणायचं नाही. रामचंद्र आपल्यालाही पूज्य आहेत. मांगीतुंगीला आपण त्यांच्याच निर्वाणभूमीला वंदन करतो. आणि आपल्यातही एकच कथा नाही. नवव्या शतकात गुणभद्राचार्यांनी लिहिलेल्या उत्तरपुराणात सीता ही मंदोदरीचीच मुलगी आहे. जन्मतःच पेटीत घालून मिथिलेच्या शेतात पुरलेली. रावण तिला लंकेत आणतो तेव्हा मंदोदरी तिला ओळखते. त्या पुराणात लोकापवाद नाही, अग्निपरीक्षा नाही, वनात सोडणंही नाही. आपल्या आचार्यांनी एकाच कथेच्या दोन वाटा जपून ठेवल्या, मग आपण एकच वाट मुलींना का सांगतो?

आणि आपलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. पद्मपुराणात सीतेवर हा प्रसंग का आला, याचं उत्तर तिच्या पूर्वजन्मात दिलं आहे. वेदवती असताना तिने एका मुनींवर आणि आर्यिकेवर खोटा आळ घेतला होता म्हणून. दीक्षा घेताना ती म्हणते, पुन्हा स्त्रीजन्म मिळू नये असं काही करीन. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. कर्मसिद्धांतावर माझी श्रद्धा आहे आणि ती राहील. पण माझं कर्म मी स्वतः तपासावं यासाठी तो सिद्धांत आहे. दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवून 'तिचं कर्म' म्हणायला तो दिलेला नाही. सीता स्वतःच्या कर्माबद्दल बोलली तर ते तिचं प्रतिक्रमण. तेच मी भाचीला सुनावलं तर तो निर्दयपणा.

सीतेनंतर मला सगळ्यात जास्त रडवलं अंजनेने. अंजना म्हणजे हनुमानाची आई. गावोगावच्या मारुतीच्या देवळात 'अंजनीसुत' एवढंच तिचं नाव उरलं आहे. नाशिकजवळ अंजनेरीचा डोंगर तिच्या नावाने आहे, आणि त्याच अंजनेरी गावात यादवकाळच्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. पण तिची कथा किती जणींना ठाऊक असेल?

पद्मपुराणात ती सविस्तर आहे. लग्नाआधी पवनंजयाने लपून एक बोलणं ऐकलं. अंजनेची एक सखी दुसऱ्याच राजपुत्राची स्तुती करत होती आणि अंजना गप्प होती. एवढ्यावरून त्याने मनात अढी धरली. लग्न केलं आणि तिला टाकली. एक-दोन नाही, बावीस वर्षं. युद्धावर निघालेला असताना मानससरोवरापाशी चक्रवाकीचा विरह पाहून त्याला चूक कळली. तो रात्री गुपचूप परत आला, तिला भेटला, खूण म्हणून कडं देऊन पहाटे गेला. तिला दिवस गेले. सासू केतुमतीने खूण मानली नाही. गाडीत घालून माहेरच्या नगराजवळ सोडून दिलं. माहेरी बाप राजा. त्याने दारातूनच हाकललं. एका सामंताने समजावलं की शहानिशा तरी करा, सासू कशी आहे ते माहीत आहे. राजाने ऐकलं नाही. मग ती नातेवाइकांच्या ज्या ज्या दाराशी गेली, ते दार राजाच्या धाकाने बंद झालं.

तिच्याबरोबर शेवटपर्यंत एकच जण होती, सखी वसंतमाला. दोघी अरण्यात गेल्या, गुहेत राहिल्या. सिंहाच्या डरकाळीने अंजना थरथरत होती तेव्हा वसंतमाला जवळ होती. तिथंच हनुमानाचा जन्म झाला. नंतर मामा प्रतिसूर्य भेटला आणि तिला आपल्या हनुरुह द्वीपावर घेऊन गेला.

हे वाचलं त्या दुपारी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझ्या ओट्याशी उभी असलेली पोर आठवत होती. तिच्या गोष्टीत मी वसंतमाला नव्हते. मी त्या बंद दारांपैकी एक होते.

आता महाभारताकडे येते, कारण तिथं आपल्या परभणीचाही एक धागा आहे. द्रौपदीला पाच पती होते असं सगळे जाणतात. श्वेतांबर आगमात ज्ञाताधर्मकथेतही तसंच आहे, पूर्वजन्मातल्या निदानामुळे. पण जिनसेनाचार्यांनी इसवी सन ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात द्रौपदीने वरलं ते फक्त अर्जुनाला. तिने माळ घातली तेव्हा वाऱ्याने फुलं उडाली आणि शेजारी बसलेल्या बाकीच्या भावांच्या अंगावरही पडली. बघणाऱ्यांनी बोभाटा केला की हिने पाचांना वरलं! म्हणजे त्या काळच्या आचार्यांनाही ठाऊक होतं की बाईच्या नावाने एवढी मोठी गोष्ट वाऱ्यावर उठू शकते.

कन्नड महाकवी पंप हेही जैन. त्यांनी इसवी सन ९४१ च्या सुमारास 'विक्रमार्जुनविजय' लिहिलं. त्यातही द्रौपदी एकट्या अर्जुनाची. पंप हे वेमुलवाडच्या चालुक्यांचे राजकवी. त्यांचा आश्रयदाता दुसरा अरिकेसरी. अर्जुनाच्या जागी त्यांनी आपल्या राजालाच कल्पलं होतं, तेव्हा त्यात राजाची मर्जीही होती हे मान्य करायला हवं. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अरिकेसरीने शके ८८८, म्हणजे इसवी सन ९६६ मध्ये 'यशस्तिलक' लिहिणाऱ्या सोमदेवसूरींना जिनालयासाठी दान दिलं, आणि त्या दानाचा ताम्रपट सापडला आपल्या परभणीत. अभ्यासक त्याला 'परभणी ताम्रपट' म्हणूनच ओळखतात. हजार वर्षांपूर्वी महाभारत नव्याने सांगणाऱ्या राजदरबाराची खूण आपल्या गावात निघाली, आणि मी इतकी वर्षं इथं राहून मला ते माहीत नव्हतं.

परभणी जिल्ह्याची म्हणाल तर एक गोष्ट रोजच डोळ्यांपुढे आहे. आपल्या जिल्ह्यात नेमिनाथ भगवानांची दोन क्षेत्रं आहेत, जिंतूरजवळ नेमगिरी आणि उखळद-नवागड. माझं माहेर जिंतूरचं. लहानपणापासून नेमगिरीच्या गुहांमध्ये वाकून वाकून शिरत आले. नेमिनाथ म्हणजे श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. लग्नाच्या वरातीत, मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून ते मांडवाच्या दारातून परत फिरले. अहिंसेची एवढी मोठी गोष्ट दुसरी नाही. पण मांडवात मेंदी लावून बसलेली राजुल? आपण तिच्या विरहाची गाणी म्हणतो आणि थांबतो.

राजुलला घरचे म्हणाले की दुसरा चांगला मुलगा बघू. तिने नकार दिला आणि गिरनारची वाट धरली. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात तिचा एक प्रसंग आहे. दीक्षेनंतर डोंगर चढताना पाऊस येतो, ती भिजते, एका गुहेत आसऱ्याला जाते. अंधारात तिथं नेमिनाथांचा भाऊ रथनेमी मुनी ध्यानाला बसलेला असतो. त्याची नियत फिरते. राजुल आधी घाबरते, मग सावरते आणि त्याला अशा शब्दांत खडसावते की तो पुन्हा मार्गावर येतो. एका साध्वीने मुनीला उपदेश केला, आणि तो उपदेश आगमात जपला गेला. आपल्या मुलींना विरहाची राजुल माहीत आहे. गुहेतली राजुल किती जणींना माहीत आहे?

हे सगळं आचार्यांनी, मुनींनी लिहिलेलं. बायकांनी स्वतः काय म्हटलं? तेही आपल्याच मातीत आहे. संत जनाबाई गंगाखेडच्या. त्यांनी विठ्ठलालाच जात्याशी आणून बसवलं. आणि जात्यावरच्या ओव्यांमध्ये सीता जागोजाग येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजात सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. ओवीतली सीता राजवाड्यात क्वचितच दिसते. ती रानात असते, एकटी, दिवस भरत आलेली, आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. पोथी न वाचलेल्या बाईने सीतेला सोबत दिली ती आपल्या शिवारातल्या काटेरी झाडांची. तिला माहीत होतं की अशा वेळी सोबत लागते.

पुढे शिकलेल्या बायकांनी लिहिलं. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' १९६७ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देवीपणाची झूल न चढवता माणूस म्हणून पाहणारं ते पुस्तक आहे. २०२५ च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष ताराबाई भवाळकर यांनी 'सीतायन' लिहून लोकगीतांतली, बायकांच्या मनातली सीता समोर आणली. तेलुगूत वोल्गा यांच्या 'विमुक्त' या कथासंग्रहाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात सीतेला शूर्पणखा, अहल्या, रेणुका, ऊर्मिला भेटतात. मंदिरातल्या काही मैत्रिणी म्हणतात, अशी पुस्तकं वाचून मुली बिघडतात, देवादिकांवर प्रश्न विचारतात. मी त्यांना श्रेणिक राजाची आठवण करून देते.

यवतमाळ जिल्ह्यात रावेरी गावात एकट्या सीतेचं मंदिर आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांनीच 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. ते वाचून मला पटलं की टाकलेल्या सीतेबद्दल हळहळायचं असेल तर त्याची नोंद सातबाऱ्यावरही व्हायला हवी.

आता भाचीचं सांगते. दोन वर्षांनी ती परत आली. या वेळी सरळ माहेरी, कोणाला न विचारता. भावाने दार उघडलं, पण मन उघडायला त्याला वेळ लागला. समाजात तोंड कसं दाखवायचं, धाकटीचं कसं जमायचं, हेच तो बोलत होता. मी तोवर पद्मपुराण वाचलं होतं. जिंतूरला जाऊन भावापुढे बसले आणि अंजनेची कथा त्याला पहिल्यापासून सांगितली. बापाने दार बंद केलं इथवर आले आणि मला पुढं बोलवेना. दादा खाली बघत होता. वहिनी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "वरच्या दोन खोल्या तिच्या नावावर करा. पोरीला कोणी जा म्हणायला नको." एरवी वहिनी चार माणसांत कधी बोलत नाही.

तसं बघितलं तर हे उपकार नव्हते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, आणि तो हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. आपण बहिणी राखीच्या ओवाळणीवर खूश होऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून मोकळ्या होतो. मीही केली आहे. सही करण्याआधी एकदा नीट वाचा, एवढंच सांगते.

भाची आता नोकरी करते. मुलगा बारावीला आहे. तिने दुसरं लग्न केलं नाही, दीक्षाही घेतली नाही. सगळ्यांनी संसार सोडावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. सीतेने आर्यिका होणं निवडलं, अंजना पवनंजयाबरोबर पुन्हा नांदली, राजुल गिरनारला गेली. प्रत्येकीची वाट वेगळी होती. मुलीची वाट आपण आधीच ठरवून ठेवू नये.

या क्षमावाणीला मी तिला फोन केला. "उत्तम क्षमा," म्हणाले आणि पुढे म्हणाले, "त्या दिवशी मी तुला चुकीची सीता सांगितली." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, आजीनं बरोबर सांगितली होती ना. मला तीच लक्षात राहिली."

सासूबाई असत्या तर त्यांनी माळेवरचा हात न थांबवता नुसतं 'हं' म्हटलं असतं.

पुढच्या चातुर्मासात आपल्या मंदिरात शास्त्रसभेला पद्मपुराण लावा म्हणून आपण सगळ्याजणी विनंती करूया. आणि वाचणाऱ्यांना सांगूया, वनवासापाशी थांबू नका, केशलोचापर्यंत वाचा.

जय जिनेंद्र.